समाधानी असाल तर एक दाबा

सावधानबाईंच्या जिभेची सगळ्या शाळेला धास्ती होती. त्याच जिभेकडे वाकून, छोट्या टॉर्चच्या उजेडात, कौतुकानं बघणारं पहिलं माणूस त्यांना सत्तरी गाठल्यावर भेटलं. ती म्हणजे सुईवाली डॉक्टर.

"आजी, जीभ दाखवा," डॉक्टर म्हणायची, आणि शिस्तीच्या विद्यार्थिनीसारखी बाई जीभ काढून दाखवायच्या. मग डॉक्टर मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटायची, नाडी बघायची आणि हळूच विचारायची, "या आठवड्यात झोप कशी लागली? मन कसं आहे?"

मन कसं आहे! घरात बाईंना जेवलात का, गोळी घेतलीत का, चष्मा कुठे ठेवलात, इतकंच विचारत. तेही दारातून, आत न येता. मनाचा विषय त्यांच्या आयुष्यात कोणी काढलाच नव्हता. त्यामुळे पहिल्या दिवशी त्या थोड्या गडबडल्या आणि "मनाला काय धाड भरलीय," असं म्हणून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात मात्र बोलायला लागल्या त्या थांबेनात.

शाळेत त्या कवायत शिकवत. नोकरीभर मैदानावर उभं राहून शिट्टी फुंकली, हजारो पोरांच्या रांगा सरळ केल्या, आणि त्या पोरांनी 'सावधानबाई' हे नाव त्यांना असं चिकटवलं की खरं नाव आता पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं होतं. नाकावर माशी बसू न देणारी बाई. निवृत्त झाल्यावर मैदान गेलं, शिट्टी गेली, पण नजर तीच राहिली. ती आता मुलाच्या संसारावर फिरे. टॉवेल वाकडा वाळत घातला, बाई बोलल्या. सून उभ्यानं चहा प्यायली, बाई बोलल्या. मुलगा दहा मिनिटं उशिरा उठला, बाई दारात उभ्या. कोणी उलट उत्तर द्यायचं नाही. सगळे आपले 'हो आई, हो आई' म्हणून काढता पाय घ्यायचे, आणि बाईंना वाटायचं, घराला शिस्त लागतेय.

गुडघा दुखायला लागला तेव्हा मुलानंच हे सुयांचं क्लिनिक शोधून काढलं. दर मंगळवारी सकाळी उशिराची वेळ. पहिल्या दोन-तीन वेळांतच बाईंना फरक पडला. जिना उतरताना कठड्याला धरावं लागेना. मग काय विचारता, बाईंनी त्या क्लिनिकचा डंका पिटायला सुरुवात केली. शेजारीण, जुन्या सहकारी बाई, बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी माणसं, कोणाला सोडलं नाही. "नुसत्या सुया नाहीत हो, ती मुलगी माणसाला माणूस समजते," असं त्या सांगायच्या. मंगळवारसाठी एक ठेवणीतला पोशाख वेगळा काढून ठेवलेला असे.

क्लिनिकची आणखी एक रीत होती. उपचार झाल्यावर दुपारी फोन यायचा. त्यावर डॉक्टरचाच आवाज आधी भरून ठेवलेला. "नमस्कार. आजच्या उपचाराने तुम्ही समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा. तुमची तब्येत आम्हाला महत्त्वाची आहे." पहिल्यांदा बाईंना वाटलं डॉक्टर खरीच बोलतेय, म्हणून त्यांनी गुडघ्याची सगळी हकिगत ऐकवली. सून तोंडाला पदर लावावा तशी हाताची मूठ लावून आत पळाली. मग त्यांना कळलं. तरीही त्या एक दाबताना "हो बाळा" म्हणायच्याच.

त्या मंगळवारी क्लिनिकमध्ये गर्दी होती. एका लांब खोलीत पडदे लावून कप्पे केलेले, प्रत्येक कप्प्यात एक अरुंद पलंग. लोक आपापल्या चपला-बूट पडद्याबाहेर काढून आत जायचे, आणि कोणत्या कप्प्यात माणूस आहे हे काउंटरवरच्या मुलीला त्या चपलांवरूनच कळायचं. बाईंना हे अजिबात पटत नसे. वाटेत पसारा म्हणजे काय! त्या आपल्या चपला दाराजवळच्या कपाटात ठेवायच्या, टाचा एका रेषेत लावून, वर कपाटाचं दार लावून. एकदा त्यांनी सगळ्यांच्या देखत एका गृहस्थांचे बूटही उचलून कपाटात ठेवले होते. एरवी त्या काउंटरसमोरच्या पहिल्या पलंगावर असायच्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणून चपलांवाचून कधी अडलं नव्हतं.

"आजी, पहिला पलंग भरलाय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आज शेवटच्या कप्प्यात चालेल?"

शेवटचा कप्पा म्हणजे अर्धी अडगळ. एका बाजूला धुतलेल्या चादरींची मांडणी, एका बाजूला पलंग. बाकीच्या पलंगांना वेळ लावायचं छोटं घड्याळ टांगलेलं असे, वेळ झाली की ते टिंटिं करायचं आणि डॉक्टर येऊन सुया काढायची. इथे ते नव्हतं. मुलगी शोधायला निघाली तर डॉक्टरनं तिला थांबवलं.

"राहू दे गं. आजी काय, घरच्याच आहेत. माझ्या लक्षात राहील."

घरच्याच. हा शब्द बाईंनी जपून ठेवला. मग त्या पालथ्या झोपल्या, पलंगाच्या भोकात तोंड ठेवून. डॉक्टरनं मानेत दोन, कमरेत, गुडघ्यांच्या मागे आणि घोट्यांजवळ अशा सुया लावल्या.

"हलायचं नाही हं आजी."

"मला सांगतेस? न हलण्याचेच मार्क द्यायचे मी," बाई खाली फरशीकडे बघत म्हणाल्या. डॉक्टर हसली आणि गेली.

बाई पडून राहिल्या. पडद्यापलीकडे एकेक घड्याळ वाजत होतं, पडदे सरकत होते, लोक कण्हत उठत होते, दार उघडत-मिटत होतं. आपलं अजून नाही म्हणजे आज डॉक्टरनं मुद्दाम जास्त वेळ ठेवलंय, असं त्यांनी ताडलं. गर्दी असूनसुद्धा! घरच्या माणसाला जास्तच देतात. त्या अभिमानात त्यांना मान अवघडल्याचंही काही वाटलं नाही.

हळूहळू आवाज विरत गेले. शेवटचं कोणीतरी खोकत बाहेर पडलं. मग काउंटरपाशी डॉक्टर आणि ती मुलगी दोघीच उरल्या. पडदा म्हणजे कापडच ते, सगळं ऐकू येत होतं.

"झाले का सगळे?" डॉक्टरनं विचारलं.

"झाले. एकही चप्पल नाही बाहेर."

"सावधानआजी कधी गेल्या? मला दिसल्यापण नाहीत."

'अगं मी इथे आहे,' असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "तुम्ही सुटलात म्हणा. नाहीतर अजून मैदानावरच उभं केलं असतं आपल्याला." आणि दोघी हसल्या.

उघडलेलं तोंड बाईंनी मिटलं. हसून झालं की हाक मारू, आत्ताच मारली तर पोरी ओशाळतील, असं त्यांनी ठरवलं. हा त्यांचा चांगुलपणा होता आणि तोच त्यांना भोवला.

"पण मॅडम, त्यांचा गुडघा अजून किती दिवस?" मुलगी विचारत होती.

"गुडघा कधीच सुधारला, जेवढा सुधारायचा तेवढा. आता मी नावापुरत्या सुया लावते, अगदी वरच्यावर."

"मग त्या येतात कशाला?"

"मी थांबवणार होते. त्यांच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, थांबवू नका, काहीही करा पण मंगळवार चालू ठेवा. म्हणे तेवढाच वेळ आम्ही घरात श्वास घेतो."

"बापरे."

"वाईट वाटतं गं. पण त्या खूश आहेत ना. इतकं समाधानी पेशंट आपल्याकडे दुसरं नाही. एकदाही दोन दाबलेलं नाही त्यांनी. चल, कुलूप लाव, भूक लागलीय."

आता हाक मारणं शक्यच नव्हतं. हाक मारली असती तर त्या दोघींना कळलं असतं की हिनं ऐकलंय. मग पुढे काय? डॉक्टर लाजेनं मेल्याहून मेली असती आणि बाईंना तिच्या तोंडाकडे बघत, पालथं पडून, सुया काढून घ्याव्या लागल्या असत्या. आयुष्यभर दुसऱ्याला खाली बघायला लावणाऱ्या बाईला तो क्षण परवडणारा नव्हता. दिवे बंद झाले. शटर खाली आलं. कुलूप लागलं. सावधानबाई तोंडातून ब्र न काढता बंद झाल्या.

पहिला सगळा वेळ रागात गेला. अंगाचा तिळपापड झाला होता पण अंग हलवायची सोय नव्हती. एकदा त्यांनी कोपरावर रेटा देऊन उठून बघितलं, तर कमरेतली सुई अशी चावली की पुन्हा आडव्या झाल्या. नावापुरती म्हणे! हात मागे पुरत नव्हता. मानेतल्या काढता आल्या असत्या, पण वाकड्या निघाल्या तर, असं मनात आलं आणि हात परत खाली गेला.

मग राग सरला आणि मंगळवार आठवायला लागले. मंगळवारी दुपारी घरी गेलं की घर कसं निराळं असे. उशा जमिनीवर लोळत असत. सून गाणं लावून खिडकीत बसलेली. मुलगा, जो मंगळवारी घरून काम करतो, तो गंजिफ्रॉकवर, पाय टेबलावर टाकून. बाईंना बघताच पाय खाली, गाणं बंद, पण चेहऱ्यावर हसू उरलेलं असे. बाईंनी त्या हसण्याचा अर्थ लावला होता, की आईला बरं वाटतंय म्हणून दोघं आनंदात आहेत. एकदा तर त्या शेजारणीला म्हणाल्याही होत्या, माझा गुडघा सुधारल्यापासून घराची कळाच बदललीय.

हे आठवलं. भोकातून खाली फरशीवर एक थेंब पडला. तो पुसायलाही हात पोचेना.

आणि गुडघा ठणकायला लागला. सुया त्याच, पलंग तसाच, पण गुडघा मात्र जुन्या दिवसांसारखा आतून ठणकत होता. आत्तापर्यंत याला बरं कोण करत होतं, या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत झालं होतं आणि ते नको होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खुंटीवर अडकवलेल्या पिशवीत फोन वाजला.

बाईंचा सगळा राग त्या एका आवाजासरशी वितळला. मुलगाच. जेवायची वेळ टळून गेली, आई आली नाही, पोराच्या जिवाची घालमेल झाली असणार. श्वास घेतो म्हणाला असेल, माणूस म्हणतं एखादं वेळी, पण शेवटी पोटचा मुलगा आहे. "आहे रे बाळा, इथेच आहे," बाई फरशीला म्हणाल्या, मोठ्यानं म्हणाल्या. फोन वाजत राहिला, मग थांबला. त्या पुन्हा वाजायची वाट बघत राहिल्या. तो आता निघाला असेल, शटर ठोठावेल, असंही त्यांना वाटलं. कोणी ठोठावलं नाही.

संध्याकाळच्या पेशंटांसाठी शटर उघडलं ते काउंटरवरच्या मुलीनं. ती चादरी घ्यायला शेवटच्या कप्प्यात आली, तिनं पडदा सरकवला आणि तिच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या.

डॉक्टर धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सुया काढताना प्रत्येक सुईला ती "सॉरी आजी" म्हणत होती. बाईंना धरून बसवलं, पाणी दिलं, पाठ चोळली. मग विचारायचं ते तिनं विचारलं.

"आजी, तुम्ही हाक का नाही मारलीत?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती बाईंच्या तब्येतीची नव्हती.

"डोळा लागला होता," बाई म्हणाल्या. "अशी झोप लागली की कानाशी नगारे वाजवले असते तरी कळलं नसतं."

डॉक्टरच्या जिवात जीव आला. तो येताना स्पष्ट दिसला, खांदे खाली आले, गालांवर रंग आला. "सुयांमध्ये झोप लागणं फार चांगलं लक्षण आहे आजी," ती म्हणाली. मग बाईंचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "बाहेर कुठे बोलू नका हं. माझं सगळं या क्लिनिकवर आहे."

"मी चहाड्या करत नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टर स्वतः कपाटापाशी गेली, चपला घेऊन आली आणि खाली बसून तिनं त्या बाईंच्या पायांत घातल्या. "फक्त एक करा," ती चप्पल सारखी करत लाडानं म्हणाली, "पुढच्या वेळेपासून या पडद्याबाहेर काढत जा. तुम्ही इतक्या शिस्तीनं ठेवता ना, म्हणून आम्हाला कळलंच नाही." म्हणजे चूक शेवटी बाईंचीच निघाली. त्यांनी तीही पदरात घेतली आणि मान डोलावली.

रस्त्यावर येऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर पिशवीतून फोन काढला. चष्मा लावून बघितलं. फोन मुलाचा नव्हता. क्लिनिकचा होता. आत कुलपात बाई पालथ्या पडलेल्या असताना बाहेरून क्लिनिकच त्यांना विचारत होतं, की समाधानी आहात का.

त्या तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. माणसं येत होती, जात होती. कोणीतरी थांबून विचारलं, "आजी, काही होतंय का?" बाईंनी त्याला शर्टाचं वरचं बटण लावायला सांगितलं. तो निघून गेला.

घराचा जिना चढताना दर पायरीला कठडा धरावा लागला. दारापलीकडून बारीक आवाजात गाणं ऐकू येत होतं. किल्ली पिशवीत होती, तरी आज त्यांनी बेल वाजवली आणि गाणं बंद झालं.

दार मुलानं उघडलं. आईला दारात बघून तो चकितच झाला. "अगं, तू बाहेरून? आम्हाला वाटलं तू केव्हाच येऊन खोलीत झोपलीयस. दार लोटलेलं होतं."

"म्हणून तर मी उठवायला आले नाही," सून आतून म्हणाली. "तुमचं ताट झाकून ठेवलंय आई. गरम करून देऊ?"

खोलीचं दार त्यांनी स्वतःच सकाळी लोटून घेतलं होतं, जाताना, शिस्तीत. दुपारभर त्या दाराआड कोणीच नव्हतं आणि आत कोणी डोकावलं नाही. बाईंना वाटलं होतं, आत गेल्या गेल्या दोघांना धारेवर धरायचं. फोन करून क्लिनिकला काय सांगितलंस, इथपासून सुरू करायचं. वाक्यंसुद्धा जिन्यात जुळवून झाली होती. जमिनीवर उशा पडलेल्या होत्या. त्या उशांकडे त्यांनी बघितलं. मुलानं ती नजर पकडली आणि घाईघाईनं वाकून उशा उचलायला लागला, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला मुलगा. कोणी ओरडायच्या आत काम आटपायची त्याची ती धांदल बाईंना ओळखीची होती. शाळेतही तो त्यांच्याच वर्गाला होता, आणि रांगेत सगळ्यांत ताठ तोच उभा राहायचा. तेव्हा त्यांना त्याचं केवढं कौतुक वाटायचं. तो घाबरून ताठ उभा राहतोय हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पहिल्यांदा उचलला नाही की ते यंत्र परत करत असे. बाईंनी उभ्यानंच फोन कानाला लावला.

"नमस्कार. आजच्या उपचाराने तुम्ही समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा."

बाईंनी फोन समोर धरला आणि अंगठा दोनवर ठेवला.

"क्लिनिकचा आहे ना?" मुलगा म्हणाला. दोन्ही काखांत उशा धरून तो उभा होता. "तिथे काही झालं का गं? उशीर झाला म्हणून विचारतो. म्हणजे... पुढच्या मंगळवारी आहे ना जायचं?"

स्वयंपाकघराच्या दारात सूनही येऊन उभी राहिली होती, हातात झाकलेलं ताट घेऊन. दोघंही बाईंच्या तोंडाकडे बघत होती. त्या घरात बाईंच्या उत्तराची इतक्या काकुळतीनं वाट आजवर कोणी बघितली नव्हती.

"आम्हाला तुमचं उत्तर मिळालेलं नाही," डॉक्टरचा आवाज गोड सुरात म्हणाला. "कृपया एक किंवा दोन दाबा."

बाईंनी एक दाबलं. या वेळी 'हो बाळा' म्हटलं नाही.

"जायचंय ना," त्या मुलाला म्हणाल्या. "न जाऊन कसं चालेल? उलट डॉक्टर म्हणाली, गुडघा अवघड आहे, इथून पुढे जास्त वेळ ठेवावं लागेल. दर मंगळवारी आजच्याइतका उशीर होईल मला."

मुलाचा चेहरा खुलला. त्यानं लगेच खाली बघितलं आणि उशा नीट लावायला लागला, आईला ते दिसू नये म्हणून. तेवढी माया त्याच्यात होती.